धक्क्यावर सोललेले वाल

माझ्या नोकरीबद्दल मी घरात कधी बोलले नाही. बोलायची सोयच नव्हती. जेवताना "आज गरमीचे चार पेशंट आले हो" असं कुठली बाई सांगेल? आमचे हे रोज विचारायचे, "कसा गेला दिवस?" मी म्हणायचे, "रक्त काढण्यात." विषय संपला. आता हेही राहिले नाहीत, मला निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, आणि आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने अंकासाठी लिहाच म्हणून पिच्छा पुरवलाय. म्हटलं, एकदाचं सांगून टाकू. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांची नावं अर्थातच बदलली आहेत. तशीही त्यांनी मला खरी नावं क्वचितच सांगितली.

मी लॅब टेक्निशियन. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कल्याणच्या एका सरकारी दवाखान्यात लागले, राहायला डोंबिवलीला. माझी खोली त्वचा आणि गुप्तरोग विभागाला लागून. माझं आडनाव गुप्ते, त्यामुळे 'गुप्तरोगाच्या गुप्तेबाई' हा विनोद दर नवा डॉक्टर स्वतःलाच पहिल्यांदा सुचल्यासारखा करायचा. मी पहिली दोन वर्षं हसले, मग हसणं सोडलं.

काम तसं सरळ. माणूस चिठ्ठी घेऊन येतो, त्याच्या दंडाला रबरी नळी बांधायची, शीर शोधायची, रक्त काढायचं, नळीवर नंबर घालायचा, रजिस्टरात नाव लिहायचं. तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या, त्या उकळून उकळून वापरायच्या. आमच्या विभागात मुख्य तपासणी गरमीची, म्हणजे सिफिलिसची. आणि नावं? शंभर टक्के खोटी. एकाने घाबरून स्वतःच्या सासऱ्याचं नाव ठोकून दिलं. आठवड्याने सासरेबुवा स्वतः साखर तपासायला आले, तर आमचा नवा क्लार्क त्यांना म्हणतो, "काका, मागच्या वेळची गोळ्या-इंजेक्शनं पूर्ण केलीत ना?" ते गृहस्थ पांढरेफटक पडले. कसंबसं मी निभावून नेलं. त्यानंतर क्लार्कला सक्त ताकीद दिली की रजिस्टरातलं नाव मोठ्याने उच्चारायचं नाही, नंबर पुकारायचा.

मग नव्वदच्या आसपास एड्स आला. म्हणजे आधी पेपरात आला, मग आमच्याकडे. तपासणी मुंबईला व्हायची आणि सरसकट सगळ्यांचे नमुने पाठवणं परवडणारं नव्हतं. म्हणून आम्हाला एक छापील कागद मिळाला, धोका असलेली माणसं निवडायला. बाजारू बायकांकडे जाता का? कधी रक्त चढवलंय का? सुईने नशा करता का? तिन्हींना 'नाही' आलं की माणूस सुरक्षित, नमुना पाठवायचा नाही. मला तो कागद फार आवडला होता, खरं सांगते. गर्दीत काम झटपट उरकायचं.

दिवाळी नुकतीच संपली होती तेव्हाची गोष्ट. सकाळच्या गर्दीत एक पंचविशीचा तरुण आला. हात बघूनच कळलं की खाडीवरचा आहे, बोटांवर जाळ्याचे चरे आणि नखं मिठाने खाल्लेली. दिवा स्टेशनच्या बाजूला खाडीकाठी छोटी कोळी-आगऱ्यांची गावं आहेत, त्यातल्या एका गावचा. बोयटं, कोलंबी पकडायचा. त्याला आपण हिराजी म्हणू.

गरमीसाठी रक्त दिलं आणि मग म्हणाला, "बाई, त्या एड्सचा पन बघता का तुमी?"

मी कागद ओढला. "बाजारू बाईकडे गेला होतास कधी?"

"नाय."

"खरं सांग. मी काही तुझ्या बापाला सांगायला येत नाही."

"खंडोबाशपत, नाय."

"रक्त घेतलंयस? सुया टोचतोस?"

"नाय."

"मग तुला कुठला एड्स होतोय! वर्तमानपत्रं वाचून डोकं फिरलंय तुम्हा लोकांचं."

तो जागचा हलेना. मागे रांग लागलेली. म्हणाला, "बाई, माघ म्हैन्यान माजा लगीन हाय. करू ना?"

"खुशाल कर. गोड बातमी कळव."

"नक्की ना?"

"अरे नक्की म्हणजे नक्की. चल, सर बाजूला."

तो गेला. माझा चेहरा बघून तो गेला होता, कागद बघून नव्हे, हे मला पुढे फार लागलं. आठवड्याने त्याचा गरमीचा रिपोर्ट चांगला आला, तोही त्याने नेला. मी त्याला विसरूनही गेले.

पुढच्या महिन्यात सावळारामभाऊ आले. हे आमचे जुने गिऱ्हाईक. मुरबाडकडच्या एका खेड्यातले, मोहन्याच्या कारखान्यात सगळा जन्म काढलेला, सुना-नातवंडं असलेले, पांढरं धोतर, टोपी, बोलायला गोड. दर वर्ष-दीड वर्षाने त्यांची गरमीची तपासणी वाईट यायची, औषध घ्यायचे, बरे व्हायचे, पुन्हा यायचे. दर वेळी मी विचारलं की उत्तर एकच, "बाईकडे? छे, छे!" त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. रिपोर्ट त्यांच्यापुढे आपटला आणि म्हटलं, "सावळारामभाऊ, या वयात माझ्याशी खोटं बोलता? बायकांकडे जात नाही म्हणता, मग हे येतं कुठून? आभाळातून?"

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. दाराकडे बघितलं, क्लार्क बाहेर होता.

"बाई, आठ वर्षं मी तुम्हाला खरंच सांगतोय. तुम्ही बायकांचंच विचारता. पुरुषांचं कधी विचारलंच नाहीत."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं आणि मी अशी काही खुर्चीत बसले की विचारू नका. लाज सावळारामभाऊंची नाही वाटली. माझीच वाटली. आठ वर्षं! आणि मी स्वतःला मोठी चलाख समजत होते.

"तुमच्या कागदावर आहे का ते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग पोरं म्हणतात ते बरोबर. पोरं म्हणतात, सरकारने लिहिलंय बाईकडे जाऊ नका, रोग बाईचा आहे. आपल्या आपल्यात, पुरुषा-पुरुषांत, काही भीती नाही."

तेव्हा तिन्ही प्रश्नांना 'नाय' म्हणूनही जागचा न हललेल्या त्या पोराचे चरे पडलेले हात माझ्या डोळ्यांपुढे आले. 'करू ना लगीन?' आणि मी म्हटलं होतं खुशाल कर. मी त्याला दार उघडून दिलं होतं, आणि त्याच्यामागे कुठल्या तरी घरातली एक मुलगी होती जिला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. सावळारामभाऊंसाठी पाणी ओतलं आणि मीच पिऊन टाकलं.

मी डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर भला माणूस, पण म्हणाले, "गुप्तेबाई, हे प्रकार मोठ्या शहरात. आपल्याकडे खेड्यातली माणसं, कुटुंबवत्सल. असलं काही विचाराल तर मार खाल." मी म्हटलं, "सर, कुटुंबवत्सलच तर आहेत." त्यांना ते रुचलं नाही. पण माझ्या कागदावर मी हाताने चौथा प्रश्न लिहिला आणि त्यांनी तो खोडला नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आता हिराजीला शोधायचा कसा? रजिस्टरात नाव खोटं, गाव खोटं. लग्न माघात, म्हणजे हातात महिना-दीड महिना. गावोगाव फिरून विचारलं असतं तर त्या पोराची अब्रू मीच वेशीला टांगली असती. शेवटी पुन्हा सावळारामभाऊंना गाठलं. मुलगा कसा होता ते सांगितलं, का हवाय तेही सांगितलं.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्या कागदावर नव्हतं. खेड्यातला असा माणूस गावात कुणाला भेटत नाही. गावात कुत्रंसुद्धा ओळखतं. तो बाजाराच्या दिवशी तालुक्याला येतो, पौषातल्या गुरांच्या जत्रेला जातो, कारखान्याच्या पाळीला आलेला असला तर ठाकुर्लीला रेल्वेच्या भिंतीपाशी थांबतो. खाडीवरची पोरं रविवारी संध्याकाळी डोंबिवलीच्या बाजूच्या एका जुन्या धक्क्यावर येतात. पूर्वी तिथे रेतीच्या होड्या लागायच्या, आता ओसाड. बसतात, गप्पा मारतात, कुणाचं जुळतं, कुणाचं नाही.

"काय नावाने ओळखता तुम्ही एकमेकांना?" मी विचारलं. पेपरात तेव्हा 'गे' हा शब्द यायला लागला होता.

"नाव कशाला? दोस्त म्हणतो. ते पेपरातलं शहरवाल्यांना."

म्हटलं, मी येते रविवारी.

"तुम्ही? बाई, पळून जातील सगळे!"

तसंच झालं. मी चांगली सुती साडी नेसून, पर्स घेऊन धक्क्यावर उभी राहिले आणि अर्ध्या मिनिटात सात-आठ माणसं अशी पांगली की खाडीवर मी, सावळारामभाऊ आणि एक बगळा. एकाची चप्पल राहिली. सावळारामभाऊ हसून हसून खोकायला लागले. "त्यांना वाटलं तुम्ही पोलिसांच्या, नाहीतर कुणाची तरी आई!"

घरी येऊन मी विचार केला. नुसतं उभं राहणारी बाई संशयास्पद. काम करणारी बाई चालते. पुढच्या रविवारी मी वाल नेले. आम्हा सीकेपी लोकांकडे बिरडं म्हणजे जीव की प्राण, आणि बिरडं करायचं तर मोड आलेले वाल भिजवून एक एक सोलायचे, त्यात अख्खी संध्याकाळ जाते. मोठं पातेलं घेतलं, एक वाडगा सालांना, आणि धक्क्याच्या पायरीवर मांडी घालून बसले. कुणाकडे बघितलं नाही. पातेल्याखालच्या पिशवीत सरकारी निरोधची पाकिटं होती, तीही काढली नाहीत.

त्या रविवारी चार जण पळाले, तीन राहिले. तिसऱ्या रविवारी एक जण जवळ येऊन बसला. म्हणाला, "बाई, असं दोन बोटांत धरून दाबा, पटकन सुटतो." मला! मी तीस वर्षं वाल सोलतेय!

"तू सोल मग," म्हटलं आणि पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. त्याने सोलले. दुसरा येऊन बसला. वाल सोलताना माणूस खाली मान घालून बोलतो, त्यामुळे जे दवाखान्यात कुणी बोललं नसतं ते तिथे बोलायला लागले. मग मीही माझं सांगितलं. रोग बाईचा नसतो, पुरुषाचाही नसतो, तो शरीरातून शरीरात जातो, आणि पुरुषा-पुरुषांत मागच्या बाजूने तर अधिकच सहज. निरोध लावा, दर वेळी लावा, फक्त तेल लावू नका त्याला, फाटतो. रोग अंगात शिरला तरी कधी कधी पाच-सहा महिने तपासणीत दिसत नाही, म्हणून एक तपासणी पुरत नाही. एवढं सगळं मी धक्क्यावर बसून, वालाची सालं वाडग्यात टाकत, पन्नाशीला टेकलेली बाई बोलले. आमच्या ह्यांनी ऐकलं असतं तर! घरी मात्र बिरड्याचं कौतुक झालं. "हल्ली अगदी स्वच्छ सोलतेस," म्हणाले.

मग विचारलं, खाडीपलीकडचा एक पोरगा, माघात लग्न आहे, कुणाला माहीत आहे का. सगळ्यांच्या माना पुन्हा वालांत. कुणाचं नाव सांगायचं नाही हा त्यांचा नियम, आणि बरोबरच होता. मी म्हटलं, "नाव नका सांगू. फक्त निरोप द्या. म्हणावं, दवाखान्यातल्या बाईने चुकीचं विचारलं. बाई चुकली. पुन्हा ये."

पौष निम्मा उलटला आणि एका सकाळी हिराजी दारात. रांगेत उभा नव्हता, सरळ आत आला आणि म्हणाला, "बाई, तुमी चुकल्या म्हनता?"

"चुकले रे बाबा. बस. आता नीट विचारते."

त्याने सगळं सांगितलं. कारखान्यातला एक दोस्त होता, चार वर्षांचा. पावसाळ्यात तो झिजत गेला, गावाला गेला आणि तिकडेच वारला. कशाने ते कुणी सांगेना. म्हणूनच हा दिवाळीनंतर आला होता. शेवटची भेट श्रावणात. नंतर दिवाळीत एकदा, दुसरा कुणीतरी. त्याला माझ्या 'नक्की'वर विश्वास बसला नव्हता, पण विश्वास ठेवावासा फार वाटला होता.

मी रक्त काढलं, मुंबईला पाठवायच्या पेटीत ठेवलं. रिपोर्टला तीन आठवडे लागायचे आणि दिवाळी धरून खरी खात्री चैत्राशिवाय नव्हती. लग्नाला राहिले होते पंधरा-वीस दिवस.

"लग्न पुढे ढकल," मी म्हटलं.

"काय बोलून ढकलू? पत्रिका वाटल्या. प्रमिलाच्या घरचे मना फाडून खातील." प्रमिला म्हणजे नियोजित वधू, शेजारच्या गावची.

"ते मला माहीत नाही. रोग असेल तर तो तू तिला देणार. तुझा तिच्याशी काही तंटा आहे का?"

"नाय बाई." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चांगली पोर हाय."

मी काही फार हळुवार बाई नाही, पण मलाही भरून आलं. मी म्हटलं, "कुणी मोठं माणूस आहे का घरात, जे ऐकेल?" तो विचार करून म्हणाला, "आते हाय."

ही आत्या म्हणजे चांगुणाबाई, आणि ती आसपासच्या तीन गावांची धवलारीण. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी असो-नसो, धवलारीण लागतेच. ती धवले गाते, तिच्या गाण्यावर एकेक विधी चालतो, हळद लागते, लग्न लागतं. ती बाई नाही तर लग्न उभं राहत नाही. आणि जुन्या धवलारणी त्या वेळेपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या.

आठवड्याने चांगुणाबाई दवाखान्यात आल्या. लुगडं काष्ट्याचं, अंबाड्यात फूल, गळ्याला लोकरी मफलर. त्या आधी घसा-नाक-कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या, कुजबुजत्या आवाजात "गला बसलाय" म्हणाल्या, डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, काही दिसेना, तरी त्यांनी 'आवाजाला विश्रांती' असं कागदावर लिहून घेतलं. बरोबर मुलीकडची दोन माणसं साक्षीला होती, ती चुकचुकली. मग त्यांना बाहेर बसवून बाई रक्त तपासायचं निमित्त करून माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "तूच का ती वालवाली?"

माझ्या हातातली नळी पडता पडता वाचली.

"चांगुणाबाई, हळू! बाहेर बसलेत ना ते!"

"बसू दे. मना सांग, कवा उघडायचा माजा गला?"

"चैत्रात. वैशाखात तर नक्की. तुम्हाला हिराजीने सांगितलं का, काय—"

"मना नको सांगू." त्यांनी हात वर केला. "पोऱ्या माज्यापुढं रडला. एवरा मोठा झाला, बाप मेला तवा बी नाय रडला... नाय, बाप जिता हाय, माजा भाऊ गेला तो दुसरा." हे असं त्यांचं बोलणं. "पोऱ्या बोलला, आते, पोरीचा नुकसान होल. बास. माजा गला बसला."

मी त्यांच्या पाया पडले. दवाखान्यात, पांढऱ्या कोटात. त्यांनी मला उठवलं, मफलर नीट गुंडाळला आणि पुन्हा कुजबुजत बाहेर गेल्या.

त्या बाईने साडेतीन महिने आवाज काढला नाही. विचार करा, साडेतीन महिने! घरात, पाणवठ्यावर, बाजारात, मासळी विकताना सगळं खुणेने. हिराजी सांगायचा, गिऱ्हाइकाशी भाव करताना तिचा जीव नुसता कासावीस व्हायचा. मुलीकडच्यांनी दुसरी धवलारीण आणायचं काढलं, तर बाईंनी खुणेनेच असा काही थयथयाट केला की पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

पहिला रिपोर्ट आला. पाकीट मी उभ्याउभ्याच फोडलं. निगेटिव्ह. मी हिराजीला म्हटलं, अर्धं झालं. चैत्रात दुसऱ्यांदा रक्त पाठवलं. ते तीन आठवडे मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण त्यातलं निम्मं मी पाळलेलं नाही. तोही निगेटिव्ह आला. मी तो कागद घेऊन खोलीतल्या खोलीत दोन गिरक्या घेतल्या. क्लार्कने बघितलं. बघू दे म्हटलं.

हिराजी आला. त्याच्या हातात कागद दिला. म्हटलं, "वाच. काही नाही तुला. सुटलास!"

त्याने कागद बघितला. हसला. मग बाकावर बसला आणि कागदाची घडी घालत, उलगडत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, आता लगीन नाय करायला माज्याकडं कारन नाय उरला."

आधी माझं डोकंच फिरलं. "म्हणजे? रोग हवा होता तुला? मी इथे देव पाण्यात घालून बसले, तुझी आत्या मुकी झाली, आणि तुला कारण हवं होतं?"

"तसा नाय बाई. जगायचा हाय मना. पन मी तिला काय देनार सांगा. तिच्याजवल झोपून मी धक्क्याचाच विचार करनार. आनि धक्क्यावर मी परत जानार, ह्ये तुमाला ठाव हाय."

असलं काही माझ्या प्रशिक्षणात नव्हतं. सगळे असेच लग्न करत होते. सावळारामभाऊंनी केलं, नातवंडं झाली, कुणी त्यांच्या बायकोला विचारलं नाही. आणि हिराजीचा आजचा कागद आजचा होता, उद्याची हमी त्यात कुठे होती? मी एवढंच म्हटलं, "हिराजी, नाही म्हणायला रोग लागत नाही. तोंड लागतं. आहे का ते तुला?"

तो कागद खिशात घालून गेला. आणि गेला तो गेलाच. धक्क्यावरही कधी दिसला नाही. सावळारामभाऊ निवृत्त होऊन गावी परतले, चांगुणाबाईंचा गळा वैशाखात उघडला एवढी बातमी कानावर आली. गळा उघडला म्हणजे लग्न लागलं, असंच मी धरून चालले. मी रविवारी वाल नेत राहिले. धक्क्यावरची माणसं एक एक करून तपासणीला आली. काहींचे रिपोर्ट चांगले आले. काहींचे नाही आले, आणि त्या काळी त्यांच्यासाठी माझ्याकडे जवळ बसण्यापलीकडे काहीच नव्हतं. ते दुःख माझं माझ्यापाशी आहे. पण रोज कामावर जाताना मला सतावायची ती प्रमिलाच. तिला मी कधी बघितलंही नव्हतं. तिच्यासाठी एवढा खटाटोप केला आणि शेवटी तिला काय मिळालं हेच माहीत नाही, असं मनाला लागून राहिलं.

दोन-अडीच वर्षं गेली. एके दिवशी गरोदर बायकांच्या तपासणीचा वार होता. एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची मुलगी हात पुढे करून बसली, सातवा महिना असेल. सुई बघून तिने डोळे घट्ट मिटले. अशा वेळी मी गप्पा मारते.

"कितवं?"

"पयलाच."

"लग्नाला किती झाली?"

"दीड वरीस." डोळे मिटलेलेच. "आदी झाला असता. पन माजा पयला लगीन मोडला ना बाई. पत्रिका वाटल्या, आनि आमच्या धवलारनीचा गला बसला, तीन म्हैने उघडला नाय. मंग उघडला तर पोऱ्याच बोलला, करनार नाय."

माझा हात तिच्या दंडावर तसाच राहिला. सुई अजून आत होती, सिरिंज भरत होती. मी कसंबसं विचारलं, "कुणाकडून निरोप पाठवला?"

"निरोप? सवता आला आमच्या घरा! भर अंगनान, सगल्यांसमोर बोलला. मी नवरा होयाच्या लायक नाय, पोरीचा काय दोष नाय, तिचा नाव कोनी खराब करायचा नाय. माज्या बापाने त्याला मारला. त्याच्या बापाने पन मारला. हालला नाय जागचा. दोन गाल असे सुजले." तिने डोळे उघडले. "झाला का बाई?"

"झालं." मी सुई काढली, कापूस दाबला. "तुला फार वाईट वाटलं असेल."

"लई रडली मी. वाटला, माज्यातच काय खोट हाय." तिने कापूस माझ्या हातातून घेऊन स्वतःच धरला. बाहेर एक तरुण दरवाज्यातून वाकून वाकून आत बघत होता, हातात तिची पिशवी आणि शहाळं. तिने त्याला हाताने 'आले, आले' अशी खूण केली आणि पोट सावरत उठली.

"आता?" मी विचारलं.

"आता काय बाई," ती म्हणाली, "बरा झाला."